सेल्फी बघून एआय सांगेल का, भूल देताना ट्यूब नीट जाईल की नाही?

ऑपरेशन असतं अपेंडिक्सचं आणि डॉक्टर म्हणतात, "तोंड मोठं उघडा, जीभ बाहेर काढा, मान मागे टाका." कोल्हापुरात सीपीआर असो की राजारामपुरीतलं खासगी हॉस्पिटल, भूलतज्ज्ञ हे बघतातच. आपल्याला ती फॉर्मॅलिटी वाटते, पण ती जिवाशी संबंधित तपासणी आहे.

पूर्ण भूल देताना स्नायू सैल करणारं औषध दिलं की आपला श्वास थांबतो. मग तोंडातून श्वासनळीत ट्यूब घालून मशीनने श्वास देतात. यालाच इंट्युबेशन म्हणतात. ट्यूब गेली नाही आणि मास्कनेही ऑक्सिजन पोचला नाही, तर काही मिनिटांत मेंदूला इजा होऊ शकते.

आधी अंदाज कसा घेतात?

तोंड उघडल्यावर घशाचा किती भाग दिसतो, यावरून अंदाज घेण्याची पद्धत 1985 मध्ये डॉ. मल्लमपती यांनी मांडली. ते मूळचे आंध्र प्रदेशातले. दुसरी चाचणी घरीही करता येते: खालच्या दातांनी वरचा ओठ चावता येतो का? 2018 मध्ये कॉक्रेन संस्थेने 133 अभ्यास एकत्र तपासले. ही ओठाची चाचणी त्यात सर्वात सरस ठरली, तरी तिने 100 अवघड केसेसपैकी साधारण 67 च ओळखल्या.

प्रत्यक्षात चित्र याहून वाईट आहे. डेन्मार्कमधल्या 1,88,064 रुग्णांच्या नोंदी 2015 मध्ये प्रसिद्ध झाल्या. 3,391 जणांचं इंट्युबेशन अवघड गेलं आणि त्यातल्या 93 टक्के केसेसमध्ये आधी अंदाजच आला नव्हता.

मग एआय?

चेहऱ्याच्या फोटोवरून कॉम्प्युटरने अंदाज बांधण्याचे प्रयोग 2011 पासून प्रसिद्ध होत आहेत. पण "90 टक्के अचूक" ऐकलं की जरा गणित करा. डेन्मार्कच्या हिशोबाने 1,000 जणांत 18 केसेस अवघड. ॲपने त्यातल्या 16 पकडल्या, तरी उरलेल्या 982 पैकी 98 जणांना ते उगाच "धोका" म्हणेल. म्हणजे 114 अलार्ममध्ये खरे फक्त 16. ॲप मदत करेल, पण त्याच्यावर विसंबून चालणार नाही.

जीव वाचतो तो तयारीने

म्हणून भूलतज्ज्ञ प्रत्येक वेळी प्लॅन बी तयार ठेवतात. भूल देण्याआधी काही मिनिटं मास्कने ऑक्सिजन देतात, त्याने हाताशी वेळ वाढतो. टोकाला कॅमेरा असलेल्या व्हिडिओ लॅरिंगोस्कोपमुळे स्वरयंत्र स्क्रीनवर दिसतं. 2022 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार त्याने ट्यूब न जाण्याचं प्रमाण घटतं. भारतातल्या तज्ज्ञांच्या संघटनेची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की तीन प्रयत्नांच्या पुढे हट्ट नको. त्यानंतर घशात बसणारा मास्क, आणि काहीच जमलं नाही तर गळ्यातून थेट वाट.

आणि आपला मावा?

सुपारीमुळे तोंडाच्या आतली कातडी कडक होते आणि तोंड उघडणं कमी होत जातं. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण टपरीवरचा मावा सुटलाय का? तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नसेल तर कॅमेऱ्याचं पातंही आत जाणं मुश्किल. मग बऱ्याचदा रुग्ण जागा असतानाच, घसा बधिर करून, नाकातून दुर्बिणीने ट्यूब घालावी लागते. हे आधी कळलं तर तयारी होते. भूल दिल्यावर कळलं तर धावपळ.

आत्ताच आरशासमोर तोंड उघडा. आपलीच तीन बोटं उभी आत जातात का? जात नसतील तर दंतवैद्यांना दाखवा. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना मावा-गुटखा, मोठं घोरणं, हलणारे दात, आधीच्या भुलेत झालेला त्रास, सगळं सांगा. घरचे शेजारी उभे असतील तर त्यांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगा, पण लपवू नका. आधीच्या ऑपरेशनचा कागद असेल तर त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तुमच्या सेल्फीपेक्षा तो भूलतज्ज्ञांच्या जास्त कामाचा आहे.