किल्ली भक्कम, पण खिडकी उघडी

ई-मेल खात्याच्या संरक्षणासाठी सर्वसामान्यांना आज मिळू शकणारा सर्वांत भक्कम उपाय म्हणजे ‘सिक्युरिटी की’. पेन ड्राइव्हसारखे दिसणारे हे छोटे उपकरण संगणकाला जोडायचे, त्यावर बोट टेकवायचे, की खाते उघडते. मोबाइलवर येणारा ओटीपी बनावट संकेतस्थळावर टाकला, तर भामटा तोच क्षणात खऱ्या ठिकाणी वापरू शकतो. किल्लीबाबत हे होत नाही. ती ज्या संकेतस्थळासाठी नोंदवली आहे, त्याच्याच पत्त्याला उत्तर देते. पत्त्यात एका अक्षराचा फरक असला तरी ती गप्प राहते. माणूस फसला तरी किल्ली फसत नाही, हेच तिचे मोठेपण.

अडचण सुरू होते ती ब्राउझरऐवजी संगणकावरील ई-मेल प्रोग्रॅममधून खाते उघडताना. किल्ली जोडलेली असते, पण पडद्यावर काहीच हालत नाही. दोष बहुतेक वेळा किल्लीचा नसतो. ई-मेल वाचण्यासाठी हे प्रोग्रॅम वापरतात ती ‘आयमॅप’ पद्धत १९८६ सालची. नाव आणि पासवर्ड एवढ्यावरच तिची उभारणी झाली. किल्लीला तिथे जागा नव्हती. पुढे ‘ओऑथ’ पद्धत आली. तिच्यात लॉगिनचे पान उघडते आणि ओळख पटल्यावर प्रोग्रॅमला परवाना मिळतो. मात्र काही प्रोग्रॅम हे पान स्वतःच्याच छोट्या चौकटीत उघडतात. त्या चौकटीला किल्लीशी बोलण्याची भाषा पुरती येत नसेल, तर गाडी तिथेच अडते.

यावरचा तोडगा नवा नाही. इंटरनेटचे तांत्रिक संकेत ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने ऑक्टोबर २०१७ मध्येच अशा प्रोग्रॅमनी लॉगिनचे पान वापरकर्त्याच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडावे, असे सांगितले. स्वतःच्या चौकटीत टाकलेला पासवर्ड प्रोग्रॅमला वाचता येतो, हेही त्यामागचे एक कारण. ब्राउझरमधून किल्ली वापरण्याचे ‘वेबऑथन’ हे मानक मार्च २०१९ मध्ये पक्के झाले. म्हणजे रस्ता तयार आहे. त्यावरून चालण्याची टाळाटाळ समर्थनीय नाही.

कारण या टाळाटाळीची किंमत वापरकर्ता मोजतो. अडलेल्याला सहसा ‘अ‍ॅप पासवर्ड’ सुचवला जातो. गुगलच्या खात्यात तो १६ अक्षरांचा असतो आणि वापरताना दुसरा कोणताही पुरावा मागत नाही. तो चोरीला गेला, तर किल्ली खिशात असूनही टपाल दुसऱ्याच्या हाती. पुढच्या दाराला तिजोरीचे कुलूप आणि मागची खिडकी सताड उघडी, असाच हा प्रकार. ज्या खात्यात दुसरा टप्पा म्हणून फक्त किल्लीच नोंदवली आहे, तिथे गुगल अ‍ॅप पासवर्ड देत नाही, ते याचमुळे योग्य ठरते.

‘मग ब्राउझरच वापरा’ हा सल्ला अपुरा आहे. नेट नसताना जुनी पत्रे वाचणे, अनेक खाती एकत्र पाहणे यासाठी हे प्रोग्रॅम लागतातच. एखाद्या दवाखान्याच्या ई-मेलमध्ये रुग्णांचे अहवाल असतात, वकिलाच्या टपालात अशिलांची कागदपत्रे. अशांना सोय किंवा सुरक्षा यांपैकी एकच निवडायला लावणे अन्यायाचे आहे.

तोवर काही पथ्ये पाळता येतील. प्रोग्रॅम निवडताना लॉगिन नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडते का, ते पाहावे. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘पासवर्ड’ऐवजी ‘ओऑथ’ निवडावे. एक हरवली तर अडू नये म्हणून दोन किल्ल्या नोंदवाव्यात. अ‍ॅप पासवर्ड घ्यावाच लागला, तर गरज संपताच रद्द करावा. पण खरी जबाबदारी प्रोग्रॅम बनवणाऱ्यांची. सुरक्षित मार्गच सर्वांत सोपा असेल, तरच लोक त्यावरून जातील.