माणूस नाकारण्यापूर्वी कॉम्प्युटरची मांडणी बदलून पाहा

भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग असोत की पॉवर प्रेसचे छोटे कारखाने, यंत्रात बोटे किंवा हात गमावलेला कारागीर आपल्या धंद्यात नवा नाही. पुढे त्याचे काय होते हेही आपण सारे जाणतो. मालक भला असेल तर त्याला गेटवर बसवतो, नाहीतर तो घरी बसतो. त्याच कारखान्याच्या ऑफिसात मात्र बिले करायला भरवशाचा माणूस मिळत नाही म्हणून ओरड असते. "एका हाताने कॉम्प्युटर कसा चालवणार?" असे विचारून आपण विषय संपवतो.

या प्रश्नाचे उत्तर कॉम्प्युटरमध्येच आहे आणि त्याला पैसा पडत नाही. १९९५ साली विंडोज ९५ आले तेव्हापासून ही सोय त्यात आहे. शिफ्टचे बटण लागोपाठ ५ वेळा दाबले की पडद्यावर चौकट येते. (आपली मुले गेम खेळताना ती हमखास येते आणि आपण वैतागून 'नाही' म्हणतो!) तिला 'हो' म्हटले की स्टिकी कीज सुरू होतात. मग दोन बटणे एकदम धरावी लागत नाहीत. टॅलीत नोंद पक्की करायला कंट्रोल आणि ए लागतात. आधी कंट्रोल दाबून सोडावे, मग ए दाबावे, काम झाले. एक हात पुरतो. माऊस धरता येत नसेल तर माऊस कीज सुरू करून उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांनी बाण फिरवता येतो. हात थरथरत असेल तर फिल्टर कीज आहेत. चुकून पुन्हा पुन्हा लागलेला धक्का त्या मोजत नाहीत.

नजरेचा प्रश्न तर आपल्या गादीवरच्या बुजुर्गांचाही आहे. साखरेच्या आजाराने डोळे अधू झाले की हिशेब मुलाच्या हाती जातो आणि वडील नुसते बसून राहतात. विंडोजचे बटण धरून अधिकाचे चिन्ह दाबा, पडद्यावरची अक्षरे मोठी होतील. अजिबात दिसत नसेल त्याच्यासाठी एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम मोफत मिळतो, मराठीही वाचतो. आवाज यंत्रासारखा आहे, पण चार दिवसांत कान सरावतो. मात्र आपला बिलाचा प्रोग्राम त्याच्याशी जुळतो की नाही, हे माणूस ठेवण्यापूर्वी पाहून घ्यावे.

कायदाही आता बदलला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण आम्ही हे कायद्याच्या धाकाने लिहीत नाही. ज्या कारागिराला माल, गिऱ्हाईक आणि भाव तोंडपाठ आहेत, त्याला गेटवर बसवणे हा तोट्याचा सौदा आहे, एवढेच आमचे म्हणणे.

एक अडचण मात्र येते. काउंटरवर एकच कॉम्प्युटर असेल आणि दुसऱ्या कोणी दोन बटणे एकदम दाबली, तर स्टिकी कीज बहुधा आपोआप बंद पडतात. ती खूण सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकावी. त्याहून बरे म्हणजे त्या माणसाचे खाते कॉम्प्युटरवर वेगळे उघडून द्यावे. त्याची मांडणी त्याच्यापाशी राहते, इतरांची इतरांपाशी.