दोर खाली ठेवल्यावर

मध्यंतरी चिटगुप्प्याला एका लग्नाला गेलो होतो. बिदरकडचा हा मुलूख पठारी. जांभा आपल्या गोव्यासारखाच, पण डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. तिथे भाच्याने जाहीर केले, "मामा, नोकरी सोडतो. हिमालयात गिर्यारोहण करणार. बुद्धाला झाडाखाली मिळालं ते मला कड्यावर मिळेल." बहिणीचा चेहरा उतरला. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

कड्यावर मन एकाग्र होते, हे खरेच. पण ती एकाग्रता भीतीची असते, असे मला वाटते. खाली उतरून चहा घेतला की संपली! मार्को पॅलिस हे लिव्हरपूलचे गिर्यारोहक. १९३३मध्ये त्यांनी लिओ पार्गियल सर केले. १९३६मध्ये सिक्कीमच्या सिम्वूने मात्र त्यांना परत पाठवले. मग ते लडाखला लामांपाशी शिकायला गेले. म्हणजे खरा अभ्यास सुरू झाला तो दोर खाली ठेवल्यावर.

इतके लांब तरी कशाला जा? कर्जतहून राजमाचीला चढताना कोंडाण्याची लेणी लागतात. ट्रेकवाली मुले फोटो काढून पुढे पळतात. ती लेणी ज्यांच्यासाठी कोरली, ते भिक्षू पावसाळाभर एका जागी थांबत.

भाच्याला म्हटले, "डोंगर जरूर चढ. पण नोकरी सोडायला बुद्धाला साक्षीला बोलावू नकोस. हौस आहे म्हण, आईला तेवढं समजेल."

तो गप्प झाला. बहिणीने मात्र हळूच विचारले, "तिकडे थंडी किती असते रे?"