दोन टक्क्यांत न बसणारी जबाबदारी

दुपार कलली की संपादकीय विभागात प्रसिद्धिपत्रकांचा ओघ सुरू होतो. त्यांत आठवड्याला एखादे तरी खाण कंपनीचे असते. शाळेला संगणक, गावात नेत्रतपासणी शिबिर, महिला मंडळाला शिलाई यंत्रे, आणि सोबत हसऱ्या चेहऱ्यांचे छायाचित्र. पावसाळ्यात त्याच भागातला आमचा वार्ताहर शेतात खाणीचा गाळ शिरल्याची बातमी पाठवतो. दोन्ही मजकूर एकाच गावचे असले, तरी ते शेजारी-शेजारी लावण्याची रीत नाही. (रीत अर्थात आम्हीच पाडलेली.)

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. या तरतुदीची चर्चा पुष्कळ होते. मात्र तिच्या नियमांतला महत्त्वाचा भाग सहसा कोणी वाचत नाही. नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेली कामे आणि अन्य कायद्यांनी घातलेली बंधने पाळण्यासाठी केलेली कामे या खर्चात धरता येत नाहीत. म्हणजे पर्यावरण दाखल्याच्या अटीनुसार गाळ उपसणे हे औदार्य नव्हे, तो धंद्याचा खर्च होय. दोन टक्के नफ्यातून जातात. गाळाचा खर्च मात्र नफा मोजण्याआधीच वजा व्हायला हवा.

गोव्यात ही गल्लत जुनी आहे. पूर्वी खाणमालक इथलेच होते. चौगुले, धेंपे, साळगावकर या घराण्यांच्या नावाने महाविद्यालये उभी राहिली, फुटबॉल संघ गाजले. ते ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो व्यवहार देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा होता. गावाला मदत मिळे, हिशेब मागण्याचा हक्क मिळत नसे. पुढे २००७ मध्ये सेसा गोवा जपानच्या मित्सुईकडून वेदांताकडे गेली आणि २००९ मध्ये धेंपो समूहाचा खाण व्यवसाय सेसाने घेतला. दातृत्वाची जागा सामाजिक दायित्व विभागाने घेतली. गावाचे स्थान मात्र बदलले नाही.

उत्तरदायित्व कोणावर येऊन पडते, हे खाणी बंद झाल्यावर दिसले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि खनिज विक्रीच्या १० टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी पुढच्या पिढ्यांसाठी उभारण्यास सांगितले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले. कंपन्यांना इतर व्यवसाय होते. कर्ज काढून ट्रक घेतलेल्याला तो एकच ट्रक होता. नियमभंगाचे निर्णय ज्यांनी घेतले, त्यांच्या घरी बँकेचा वसुली अधिकारी गेला नाही.

आता लिलावानंतर खाणी पुन्हा सुरू होत आहेत. डिचोलीचा गट डिसेंबर २०२२ मध्ये वेदांताने जिंकला. येथील खंदक अनेक ठिकाणी भूजलाच्या पातळीखाली गेलेले. खनिज काढायचे तर पाणी सतत उपसावे लागते. उपसा वाढला की भोवतालच्या विहिरी उतरतात, आणि उपसलेल्या पाण्याबरोबर तांबडा गाळ व्हाळांतून शेतांत उतरतो. शिरगाव-मयेच्या लोकांना हे कोणी शिकवण्याची गरज नाही.

काम हवे, हीही याच गावांची मागणी आहे, हे मान्य करायलाच हवे. म्हणूनच प्रश्न खाण हवी की नको एवढा सोपा उरत नाही. तो व्यवस्थापन कशाचे मोजमाप ठेवते, याचा आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना सेबीने व्यवसाय उत्तरदायित्वाचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला आहे. मात्र तो अख्ख्या कंपनीचा. ॲल्युमिनियमपासून तेलापर्यंत पसरलेल्या उद्योगाच्या एकूण आकड्यांत डिचोलीच्या एका वाड्यावरची विहीर कुठे शोधायची? सूचीबद्ध नसलेल्या खाण कंपन्यांना तर तेही बंधन नाही. प्रत्येक विहिरीची पातळी आणि खंदकातून उपसलेले पाणी यांचे आकडे दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर मराठी-कोंकणीत लावायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. कंपनीच्या वरिष्ठांचे वार्षिक मानधन उत्पादनाच्या टनांबरोबर या आकड्यांशीही जोडता येते. अमुक टन काढल्याबद्दल बक्षीस मिळत असेल, तर खाणीवरचा माणूस टनांकडेच पाहणार.

मुळगावचे ग्रामस्थ घरे, मंदिरे, तळी आणि शेती लीजमधून वगळा म्हणतात. या मागणीला उत्तर म्हणून शिलाई यंत्रे देता येत नाहीत.