विश्लेषण : शेपटाला चाक असलेली जुनी विमाने उतरतानाच का भरकटतात?

जुने विमान धावपट्टीवर टेकते, काही क्षण सरळ धावते आणि अचानक गर्रकन फिरून आडवे होते. अशा अपघातानंतर ‘वैमानिकाचे नियंत्रण सुटले’ एवढेच वाक्य बातमीत उरते. ते खोटे नसते, पण अपुरे असते. दोष विमानाची रचना, वारा, धावपट्टी आणि प्रशिक्षण या चौघांत वाटलेला असतो. तो एकट्या वैमानिकाच्या माथी मारला की पुढचा अपघात टळत नाही.

ही विमाने कोणती?

आजच्या बहुतेक विमानांना एक चाक नाकाखाली आणि मुख्य चाके त्यामागे असतात. जुन्या विमानांची दोन मुख्य चाके पुढे आणि तिसरे छोटे चाक शेपटाखाली असे. टायगर मॉथला तर तेही नव्हते, जमिनीवर घासत जाणारी पट्टी होती.

महाराष्ट्राचा या विमानांशी जुना संबंध आहे. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, ते पुस मॉथ याच जातीचे. ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम उडालेले ‘एचटी-२’ हे भारतीय प्रशिक्षण विमानही शेपटावर टेकणारे. त्याचे रचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. पुढे १९५८ मध्ये उडालेल्या ‘पुष्पक’वर फ्लाइंग क्लबांतून अनेक वैमानिक तयार झाले.

नेमके बिघडते कुठे?

परभणी, मानवत किंवा सेलूच्या मोंढ्यात ट्रॉली उलटी लावणाऱ्या ट्रॅक्टरचालकाला हे चटकन समजेल. ट्रॉली पुढे ओढताना आपोआप सरळ येते. तीच मागे ढकलताना जराशी तिरकी झाली की तिरकेपणा वाढत जातो आणि चालकाला सतत स्टिअरिंग सावरावे लागते.

शेपटावर टेकणाऱ्या विमानाचेही तसेच. त्याचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. चाके पुढून अडवतात आणि वजन मागून ढकलते. विमान किंचित वळले की शेपूट नाकाला मागे टाकायला पाहते. यालाच ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. नाकाखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्याने ते उलट स्वतःहून सरळ होते.

सर्वांत नाजूक काळ टेकल्यानंतरचा. वेग उतरतो तसा रडरवरचा हवेचा जोर कमी होतो, पण शेपटाच्या चाकाची पकड अजून पुरती बसलेली नसते. त्यातच बाजूचा वारा उभ्या शेपटाला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळते. जोरात ब्रेक दाबावा तर विमान नाकावर आपटण्याची भीती. शिवाय शेपूट खाली असताना समोरचे नाक दृष्टी अडवते, त्यामुळे वळण सुरू झाल्याचे उशिरा कळते. वेग कमी असल्याने माणसे बहुधा वाचतात, पण पंखाचे टोक, चाकांचे पाय आणि पंखा मोडतो. हे भाग आता कारखान्यात बनत नाहीत.

जुन्या वैमानिकांना हे कसे जमत असे?

त्यांचे कौशल्य खरेच; पण तेव्हाचा विमानतळ म्हणजे बहुतेकदा मोकळे मैदान असे. वारा ज्या दिशेचा, त्या दिशेला तोंड करून उतरता येई आणि गवतावर चाके थोडी सरकत. आजची डांबरी धावपट्टी दोनच दिशा देते, तीही अरुंद. वारा आडवा असला तरी तिथेच उतरायचे, आणि डांबर चाक घट्ट धरते. म्हणजे विमान तेच राहिले, जमीन बदलली.

नामवंतांनाही हे चुकलेले नाही. २० मार्च १९३७ रोजी होनोलुलूजवळ अमेलिया इअरहार्ट यांचे लॉकहीड इलेक्ट्रा उड्डाणासाठी धावताना असेच फिरले आणि मोडले. पृथ्वीप्रदक्षिणेचा तो प्रयत्न तिथेच थांबला.

मग ही विमाने संग्रहालयातच ठेवावीत का?

तसे म्हणणे सोपे आहे. पण उभ्या विमानासोबत ते उडवण्याची आणि दुरुस्तीची विद्याही उभी राहते, मग संपते. जेआरडींनी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथमधून कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला. हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात २०१८ मध्ये ‘परशुराम’ हे डाकोटा आले. या उड्डाणांनी जे शिकवले ते काचेमागचे विमान शिकवू शकत नाही.

मात्र उडवायचे तर शिस्त हवी. अमेरिकेत शेपटाच्या चाकाच्या विमानासाठी १९९१ पासून प्रशिक्षकाची वेगळी मान्यता लागते. सेसनासारख्या नाकचाकी विमानावर शेकडो तास उडालेल्याचे पायही रडरवर आळशी होतात, हे त्यामागचे व्यवहारज्ञान. भारतातही जुने विमान हाती देताना फक्त परवाना नव्हे, अलीकडचा सराव पाहायला हवा. वाऱ्याची मर्यादा उड्डाणाआधी ठरवावी आणि ती ओलांडली तर पाहुणे ताटकळले तरी कार्यक्रम रद्द करावा. शक्य तिथे धावपट्टीशेजारी गवताचा पट्टा राखावा.

आणि अपघात झालाच, तर चौकशी ‘नियंत्रण सुटले’ या दोन शब्दांवर संपू नये. वैमानिकाने असे विमान याआधी कधी उतरवले होते, वारा कोणत्या बाजूचा होता आणि उड्डाणाला होकार कोणी दिला, हे तीन प्रश्न तरी तिने विचारावेत. घाटग्यांच्या पिढीने कष्टाने बांधलेल्या विमानांपैकी जी उरली आहेत, ती या उत्तरांवरच टिकतील.