लेखिकेचा आवाज कुणी ठेवायचा?

मंडळी, आज थोडं भांडायचंच आहे.

गौरी देशपांडे स्वतःचं लेखन स्वतः वाचताहेत, हे ध्वनिमुद्रण जपलं कुणी? अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने! त्यांच्या नवी दिल्लीच्या कार्यालयाने 2000 साली दक्षिण आशियातल्या लेखकांचे आवाज टिपायचा प्रकल्प काढला, त्यात मराठी लेखकही आले. गौरीबाई 1 मार्च 2003 ला गेल्या. म्हणजे हाताशी जेमतेम तीन वर्षं होती. तेवढ्यात ज्यांनी ते काम उरकलं त्यांचे उपकारच म्हणायचे. पण हे काम आपलं होतं ना?

आमचा भाचा म्हणतो, "आत्या, एवढं काय त्यात? कथा डोळ्यांनी वाचायची. ऐकायचीच असली तर ऑडिओबुकं आहेत की, चांगल्या नट्या वाचतात." इथेच माझं डोकं फिरतं. नटी छानच वाचते, पण ती तिला लागलेला अर्थ वाचते. लेखिका वाचते तेव्हा ती अभिनयाला बसलेली नसते. जिथे आपण वाचताना रडलेलो असतो, तिथून ती सपाट निघून जाते आणि भलत्याच शब्दाशी थांबते. मग आपण पुस्तक पुन्हा उघडतो. मेजर कँडींनी एकोणिसाव्या शतकात मराठीत विरामचिन्हं रुजवली (वर्गात हे सांगताना मुलं जांभया द्यायची, असो), पण असलं थांबणं कुठल्या चिन्हात मावत नाही.

आता आमच्याकडचं बघा. "काय करायलास?" हे इकडे रागाने म्हणतात, काळजीनेही म्हणतात. तेच पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत गेलं की हमखास विनोदी होतं. कथेतली बाई गेलेल्या लेकराबद्दल बोलत असली तरी तिच्या तोंडी अशी चाल लावतात की ऐकणाऱ्याला हसू फुटावं. याचा मला मनस्वी संताप येतो. त्या बाईचा खरा स्वर जिने तिला लिहिलं तिलाच माहीत.

कुणी म्हणेल, कथाकथन होतंच की. होतं. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर गावोगाव गेले, लोकांनी डोक्यावर घेतलं. पण ते समोरच्या गर्दीला सांगणं. मी म्हणते ते टेबलाशी बसून छापलेलं पान जसंच्या तसं वाचणं.

जानेवारी 2020 मध्ये 93वं साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, फादर दिब्रिटो अध्यक्ष होते. अशा प्रत्येक संमेलनात एक शांत खोली हवी. आलेल्या लेखिकेने तिथे दहा पानं वाचायची, मगच जेवणाचं कूपन!

पैसे नाहीत, हे सांगू नका. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. पंखा बंद करा, कुकरच्या शिट्ट्या होऊ द्या. सुरुवातीला तारीख आणि पुस्तकाचं नाव तिच्याकडूनच बोलून घ्या. एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात, एक घरी. "निवांत बघू" तर मुळीच नको. नांदेडच्या कविता महाजन 2018 साली गेल्या तेव्हा अवघ्या 51 वर्षांच्या होत्या.

तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा, कुठेही तुमच्या ओळखीत कथा लिहिणारी बाई असेल तर येत्या रविवारी जा. वाचन चहाच्या आधी उरका. चहा झाला की शेजारणी येऊन बसतात.