मुंबई ते न्यूयॉर्क : एका रात्रीची लांबी

गेल्या डिसेंबरात आमच्या थोरल्या वहिनी मुलाकडे न्यूजर्सीला जावयास निघाल्या. वय अडुसष्ट, चौविहार बत्तीस वर्षांचा, रक्तदाबाची गोळी दोन वेळा. मुलाने पाठविलेल्या तिकिटावर विमान मध्यरात्रीनंतर पावणेदोनला सुटत होते व त्याच तारखेस सकाळी सातला पोहोचत होते. "म्हणजे सव्वापाच तासच की, भाऊजी!" वहिनी म्हणाल्या.

घड्याळाचा हा हिशेब फसवा आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. ते मिळविले की खरा आकडा निघतो पावणेसोळा तासांचा. अंतर साडेबारा हजार किलोमीटर. भिंतीवरील नकाशात पट्टी ठेवली तर रेषा अरबस्तान व उत्तर आफ्रिकेवरून जाते. परंतु पृथ्वी गोल असल्याने तो मार्ग दीड हजार किलोमीटरांहून अधिक लांबचा ठरतो. जवळची वाट मुंबईहून उत्तर-वायव्येस निघून उत्तर ध्रुववृत्ताच्या जवळ चढते आणि मग खाली उतरते. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांस बंद झाल्याने त्यांना वळसाही घ्यावा लागला.

मी वही घेऊन बसलो तेव्हा निराळीच नोंद पुढे आली. डिसेंबरअखेर मुंबईत सूर्यास्त सहाच्या सुमारास. न्यूयॉर्कचा सूर्योदय सव्वासातनंतर, म्हणजे आपल्या घड्याळाने दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी पावणेसहानंतर. विमान रात्रीबरोबरच पश्चिमेस धावत असल्याने मध्ये उजाडतच नाही. रात्र पावणेचोवीस तासांची! वर नवकारशीची 48 मिनिटे. एवढा वेळ पाण्याचा थेंब नाही, गोळी नाही, आणि विमानातील हवा अतिशय कोरडी. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. वहिनी व्रत सोडावयास तयार नव्हत्या आणि आम्ही त्यांना तसे सुचविणारही नव्हतो.

मार्ग निघाला तो प्रवास तोडण्यात. मुंबईहून सकाळी निघून सूर्याच्या मागोमाग लंडन. तेथे दुपारी चारच्या आत जेवण, गोळी व मुक्काम. दुसऱ्या दिवशी अकराला निघून दुपारी दोनच्या सुमारास न्यूयॉर्क, अजून ऊन असताना. सर्वांत लांब रात्र लंडनची, सव्वासोळा तासांची. खर्च वाढला, मुक्कामासाठी कोणता व्हिसा लागतो याची चौकशी आधी करावी लागली. (जैन भोजनाची मागणीही निदान चोवीस तास आधी नोंदवावी, ऐन वेळी ताटात कांदा येतो.)

परतीस ही अडचण नाही. पूर्वेकडे येताना वारा पाठीशी असतो, वेळ तासाभराने वाचतो आणि रात्र आखूड होते. वहिनी सरळ विमानानेच आल्या; निघाल्यावर दोन तासांत, खिडकीत ऊन असतानाच, त्यांनी जेवण उरकून घेतले होते.